रुपयाचें रूप

गेल्या महिन्याच्या टपालांत सातारा जिल्ह्यांतील एका वाचक भगिनींचें पत्र आलें. पत्र चार पानांचें आहे व त्यांतील तीन पानें घरांतल्या एका तंट्यानें भरलीं आहेत. त्यांच्या देवघराच्या फडताळांत पितळेच्या डब्यांत ४१ रुपये आहेत. कांहीं राणीछाप, कांहीं राजाछाप, आणि दोन-तीन त्यांहूनहि जुने, ज्यांवरचीं अक्षरें घरांत कोणास लागत नाहींत. दर वर्षीं लक्ष्मीपूजनाच्या सकाळीं थोरल्या जाऊबाई हे रुपये चिंचेच्या कोळांत भिजत घालतात, राखेनें घांसतात, आणि लखलखीत करून सायंकाळीं पाटावर मांडतात. त्यांच्या सासूबाई असेंच करीत, आणि त्यांच्याहि सासूबाई. परंतु कॉलेजांत शिकणाऱ्या पुतण्याला दोन वर्षांपासून नाण्यांचा नाद लागला आहे. त्यानें प्रथम विनविलें, मग वाद घातला, आणि गेल्या दिवाळींत डबाच कोठेंसा लपवून ठेविला. लक्ष्मीपूजन दहा रुपयांच्या चालू नाण्यांवर उरकावें लागलें. "काळ्या पडलेल्या रुपयांनीं लक्ष्मीची पूजा करायची का?" असें काकूंचें म्हणणें, "तुम्ही रुपये धूत नाहीं, रुपये मारतां," असें पुतण्याचें. दोघांचें बोलणें अद्याप पुरतें सुरू झालेलें नाहीं. चौथ्या पानावर भगिनी विचारतात कीं, यांत खरें कोणाचें?

हा तंटा त्या एका घरापुरता नाहीं. जेथें जेथें जुन्या चांदीच्या नाण्यांचा षोक आहे तेथें तेथें हे दोन पक्ष आहेत. एकाला नाणें टांकसाळींतून आतांच बाहेर पडल्यासारखें शुभ्र हवें; दुसऱ्याला त्यावर काळानें चढविलेली सोनेरी, जांभळी, निळी झांक हवी. इंग्लंडांतील जुने संग्राहक आपलीं नाणीं महोगनीच्या कपाटांतील उथळ खणांत ठेवीत, आणि त्यांवर हळूहळू येणारा करडा-निळा रंग हें कुलीनतेचें लक्षण मानीत. अमेरिकेंत पुष्कळ वर्षें शुभ्र नाण्यांची चलती होती, आणि आतां तेथेंच इंद्रधनुष्यी नाण्यांसाठीं अनेकपट किंमत मोजणारे निघाले आहेत. आम्ही आपला पक्ष आरंभींच सांगून टाकतों: आम्ही रंग चढलेल्या नाण्याच्या बाजूचे आहोंत. मात्र घांसल्यानें बाजारभाव उतरतो हें जें कारण पुतण्यानें काकूंपुढें मांडलें, तें आमचें कारण नव्हे. भावाच्या गोष्टी सराफाजवळ कराव्या. काकूंजवळ दुसरी भाषा पाहिजे.

अमरकोशांत चांदीला जीं नांवें दिलीं आहेत त्यांत रजत आहे, श्वेत आहे, आणि दुर्वर्ण असेंहि एक आहे. ज्या धातूला शुभ्र म्हणून गौरवावें त्यालाच वाईट रंगाचा म्हणावें, हें आमच्या वर्गांतील मुलांना मोठें चमत्कारिक वाटे. सोन्याला सुवर्ण म्हटलें म्हणून त्याच्या जोडीला हें दुर्वर्ण आलें असावें, अशी आम्ही त्यांची समजूत घालीत असूं. तें कांहींहि असो. उजळ आणि काळा हे दोन्ही पक्ष कोशकारानें शेजारीं शेजारीं बसविले आहेत एवढें खरें. त्याच नांवांत रूप्य हा शब्द आहे, व आजच्या वादांत आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो हाच. पाणिनीनें हा शब्द रूप या शब्दापासून साधला असून त्याचे दोन अर्थ सांगितले आहेत. एक, ज्यावर रूप आहत झालें आहे, म्हणजे ठसा मारला आहे, तें. आणि दुसरा, प्रशंसा करण्याजोग्या रूपाचें. रुपया हा शब्द आपल्याकडे या रूप्यापासूनच आला. तेव्हां रुपयाला रुपयापण आलें तें नुसत्या चांदीनें नव्हे, तिच्यावर उमटविलेल्या रूपानें. चांदी पळींत असते, पंचपात्रांत असते, अन्नप्राशनाच्या वाटींतहि असते. वाटी घांसली तरी वाटीच राहते. रुपया घांसला तर मागें उरते ती चांदीची चकती.

ती चकती कशाची असते हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८३५ च्या कायद्यानें कंपनीच्या रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, ठरलें. आजच्या मापानें ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी व एक भाग हीण, असा त्याचा कस होता. हें प्रमाण १९४० पर्यंत टिकलें. त्या सालीं चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ चा रुपया तर निकलचा निघाला.

चांदी सोन्यासारखी उदासीन नाहीं. हवेंतील प्राणवायूला ती सहसा दाद देत नाहीं, परंतु हवेंत गंधकाचा अंश असला व जोडीला थोडी ओल असली, कीं तो अंश ती ओढून घेते, आणि दोहोंच्या संयोगाचा अतिशय पातळ पापुद्रा नाण्यावर बसूं लागतो. घरांत गंधक कोठून आला असें कोणी विचारील. तो लोकरीच्या कपड्यांतून येतो, रबरांतून येतो, हलक्या प्रतीच्या कागदापुठ्ठ्यांतून येतो, कांद्यालसणांतून येतो, आणि हिंगांतून येतो. हिंगाची डबी व रुपयांचा डबा एका फडताळांत ठेवणाऱ्या गृहिणीनें रुपये काळे कां पडतात म्हणून आश्चर्य करूं नये.

हा पापुद्रा प्रथम इतका पातळ असतो कीं त्याची जाडी प्रकाशाच्या लहरीहूनहि कमी भरते. त्याच्या वरच्या व खालच्या अंगांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात. त्यांत कांहीं रंग मारले जातात, कांहीं उठून दिसतात. पावसांत रस्त्यावर सांडलेल्या तेलाचे किंवा साबणाच्या फुग्याचे रंग याच जातीचे. म्हणूनच हे रंग वाटेल त्या क्रमानें येत नाहींत. आधीं फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. जाडी आणखी वाढली कीं हीच माळ पुन्हां फिरते, आणि शेवटीं थर दाट होऊन नाणें काळें ठिक्कर पडतें. गुंडाळून ठेविलेल्या नाण्याला हवा कडेकडून लागते. त्यामुळें कडेला निळें, त्याच्या आंत जांभळें, आणि मध्यें सोनेरी अशीं वलयें पुष्कळदां दिसतात. चाळीस-पन्नास वर्षें न हललेल्या रुपयावर अशीं वलयें उमटलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत, आणि त्यांच्याइतकी शांत शोभा दुसऱ्या कोणत्याहि मनुष्यकृत वस्तूवर आम्हांस आढळलेली नाहीं. ही आमची आवड झाली; ती कोणावर लादावी असें नाहीं.

उजळ पक्षाचें म्हणणें आम्ही हलकें लेखीत नाहीं. ते म्हणतात, नाणें जन्मलें तेव्हां पांढरें होतें. रंग हा क्षयाचा आरंभ आहे, व क्षयाला शोभा म्हणणें हा कवींचा धंदा. यांत तथ्य आहे. टांकसाळींत दोन ठशांमध्यें चांदी दाबली जाते तेव्हां ती क्षणभर मऊ कणकेसारखी मधून कडेकडे सरकते, आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. असें कोरें नाणें दिव्याखालीं कलतें धरून फिरविलें तर त्यावर प्रकाशाच्या आऱ्या चाकासारख्या फिरतांना दिसतात. हें तेज आरशाचें नव्हे, रेशमाचें आहे. ज्यानें तें एकदां पाहिलें त्याला उजळ नाण्याचा षोक कां लागतो हें सांगावें लागत नाहीं.

या दोन्ही पक्षांना एकत्र आणणारें उदाहरण अमेरिकेंतील मॉर्गन डॉलरांचें आहे. हे चांदीचे डॉलर १८७८ पासून १९०४ पर्यंत, व पुन्हां १९२१ सालीं, पाडले गेले. लोकांस ते खिशाला जड वाटत, म्हणून कोट्यवधि डॉलर हजार हजारांच्या जाड कापडी पिशव्यांत भरून सरकारी तिजोऱ्यांत पडून राहिले, आणि १९६० नंतरच्या दशकांत त्या पिशव्या मोठ्या संख्येनें बाहेर आल्या. पिशवीच्या मधले डॉलर इतक्या काळानंतरहि पांढरे स्वच्छ होते. कापडाला टेकलेले मात्र एका अंगानें मोरपंखी झाले होते. कांहींवर तर कापडाची वीणहि रंगांत उतरली होती. एकाच पिशवींतील हीं सख्खीं भावंडें, यांतलें खरें कोणतें? आम्ही म्हणतों, दोन्ही. कारण दोहोंपैकीं कोणाच्याच अंगाला हात लागलेला नाहीं.

या डॉलरांशीं आपलें एक जुनें नातेंहि आहे. पहिल्या महायुद्धांत हिंदुस्थानांत चांदीचा तुटवडा पडला. लोक नोटा पुढें करून रुपये मागूं लागले. सरकारनें १९१७ च्या नोव्हेंबरअखेर एक रुपयाची नोट काढली, तरी भागेना. तेव्हां अमेरिकेनें १९१८ च्या पिटमन कायद्यान्वयें सुमारे २७ कोटी डॉलर वितळविले, व त्यांतील जवळजवळ २६ कोटींची चांदी हिंदुस्थानच्या रुपयांसाठीं इंग्लंडला विकली. वाचकांच्या घरीं १९१८-१९ चा पंचम जॉर्जाचा रुपया असेल, तर त्याच्या पोटांत एखादा मॉर्गन डॉलर विरघळलेला असण्याचा बराच संभव आहे.

आतां काकूंचा रुपया घ्यावा. तोहि पांढरा आहे. परंतु त्याचें पांढरेपण पिशवीच्या मधल्या डॉलराचें नव्हे. काळा थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ अशी आपली समजूत असते. वस्तुतः तें नाण्याच्या कातडीचेंच रूपांतर आहे, आणि तो घांसून काढला कीं त्यांत गुंतलेली चांदीहि गेली. चिंचेचें आम्ल हिणांतल्या तांब्याचा मळ सोडवितें; उरलेलें काम राखेंतले बारीक कठीण कण करितात. एका दिवाळीनें कांहीं बिघडल्यासारखें दिसत नाहीं. पन्नास दिवाळ्यांचा हिशेब निराळा. प्रथम जातात त्या सूक्ष्म रेषा, व त्यांच्याबरोबर तें फिरतें तेज. त्या जागीं येते ती ताटवाटीची चकाकी. मग उंच भागांवरचें काम झिजूं लागतें. राणीच्या कानावरून गेलेले केंस पुसट होतात, मुकुटांतले खडे सपाट होतात. मुंबईच्या टांकसाळीची खूण म्हणून पंचम जॉर्जाच्या रुपयावर एक इवलासा उठावाचा ठिपका असतो; तो नसला तर रुपया कलकत्त्याचा. दोन-तीन पिढ्यांच्या राखेनंतर मुंबई व कलकत्ता यांत भेद राहत नाहीं.

हत्तीची गोष्ट तर याहून मजेदार आहे. १९११ सालीं पंचम जॉर्जाचा पहिला रुपया निघाला तेव्हां राजाच्या झग्यावर कोरलेला लहानसा हत्ती, सोंड आंखूड पडल्यामुळें, लोकांस डुकरासारखा दिसला, आणि मोठा गहजब झाला. त्या सालचे सुमारे ९४ लाख रुपये पाडून झाले होते. त्यांतील सुमारे ७ लाखच चलनांत गेले. बाकीचे पुन्हां वितळविले, आणि १९१२ पासून सोंड स्पष्ट केलेला नवा हत्ती आला. एका सोंडेकरितां सरकारनें एवढा व्याप केला, आणि आपल्या घरोघरच्या राखेनें तो हत्ती सोंडेसकट पुसून टाकला. पूजेंतले जे रुपये आमच्या पाहण्यांत आले त्यांतल्या कित्येकांवर डुक्कर नाहीं आणि हत्तीहि नाहीं. तेथें एक गुळगुळीत टेंगूळ आहे.

राख नको म्हणून कोणी चांदी उजळण्याच्या बाजारी द्रवांकडे वळतात. असल्या पुष्कळ द्रवांत थायोयुरिया नांवाचें द्रव्य व आम्ल असतें. त्यांत नाणें बुडविलें कीं क्षणांत रंग उतरतो, व पाहणारा खूष होतो. पण प्रत्येक बुडीबरोबर पृष्ठभागाचा अंश जातो, आणि चार-सहा बुड्यांनंतर तेज मरून नाणें खडूसारखें दिसूं लागतें. दुसरी युक्ति ॲल्युमिनियमच्या कागदाची. कढत पाण्यांत धुण्याचा सोडा टाकून, त्या कागदावर नाणें ठेवलें कीं गंधक चांदीला सोडून ॲल्युमिनियमकडे जातो. चांदी परत मिळते हें खरें; पण ती पूर्वीच्या रेषांत जाऊन बसत नाहीं. भांड्यांस ही युक्ति उत्तम आहे, आणि ती भांड्यांसच असूं द्यावी.

हातठशाच्या नाण्यांविषयीं आमचें मत याहून कडक आहे. भगिनींनीं त्या न लागणाऱ्या रुपयांपैकीं एकाचा ठसा कागदावर पेन्सिल फिरवून पाठविला आहे, आणि त्यांत अंकुशाची आकृति ओळखूं येते. तो पुण्याकडचा अंकुशी रुपया होय. चांदवडच्या टांकसाळीचे ते चांदवडी, तसाच हा अंकुशी. पेशव्यांच्या अमलांतला रुपया, पण मजकूर फारसी, व नांव दिल्लीच्या शहाआलम बादशहाचें. हा चमत्कार ज्यांस ठाऊक नसेल त्यांनीं एकदां अवश्य पाहावा. अशा नाण्याची चकती ठशाहून लहान असे, म्हणून मजकुराचे तुकडेच उमटत. त्यांतच सराफांनीं कस पारखतांना मारलेल्या टोंचा. आतां अशा रुपयाच्या खोलगट भागांत काळोखी साचते व उंच भाग बोटांच्या वावरानें उजळ राहतात, त्यामुळें अक्षराच्या कडा जणूं शाईनें भरल्यासारख्या उठून दिसतात. तोच रुपया सरसकट पांढरा केला तर भिंगांतूनहि तो वाचतां येत नाहीं. घरांत अक्षरें कोणास लागत नाहींत याचें एक कारण फारसीचा अभाव हें आहे. दुसरें कारण चिंच.

मग काकूंनीं काय करावें? पूजेंतील वस्तु निर्मळ असावी हें त्यांचें म्हणणें रास्त आहे, व पुतण्यानें तें थट्टेवारी नेऊं नये. त्यानें डबा लपविला ही गोष्ट तर आम्हांस मुळींच पसंत नाहीं. रुपये त्याचे नव्हेत. राणीछाप रुपये १९४१ च्या मार्चअखेर कायदेशीर चलनांतून काढून टाकले गेले, आणि पुढील दोन-अडीच वर्षांत राजाछाप जुने चांदीचे रुपयेहि त्याच वाटेनें गेले. कोट्यवधि रुपये सरकारी भट्टींत पडले. त्या वेळीं याच घरांतल्या थोरल्या सासूबाईंनीं, पुरुषमाणसांचें न ऐकतां, हा डबा तांदळाच्या कणगींत पुरून ठेविला होता असें भगिनी लिहितात. घरोघरच्या अशा बायकांनीं रुपये दडविले म्हणून आज ते घांसावे कीं न घांसावे हा वाद करण्यास तरी शिल्लक आहेत. पुतण्यानें डबा काढून काकूंच्या हातीं द्यावा, आणि मग पुढची गोष्ट बोलावी.

ती गोष्ट अशी. ४१ रुपये एका मऊ धोतरावर पसरावे, आणि काकूंनीं स्वतःच्या हातानें त्यांतले अकरा निवडावे. ज्यांचें रूप आधींच गेलें आहे, ज्यांचें साल वाचतां येत नाहीं, ज्यांना कधींकाळीं माळेसाठीं नाकें डाखलें होतें व त्याचा डाग राहिला आहे, असे. हे अकरा पूजेचे. ते दर वर्षीं खुशाल घांसावे. राखेऐवजीं रिठ्याचें पाणी वापरलें तर बरें, पण तोहि आग्रह नाहीं. राहिलेले तीस कोणीहि घांसूं नयेत. ते पाटावर मांडावयाचे असतील तर आपल्या वेष्टनांसकट मांडावे. काळेपणानें लक्ष्मी रुसत असती तर जमिनीखालच्या हंड्यांत ती शेंकडों वर्षें नांदली नसती.

पुतण्यानें आणखी एक पथ्य पाळावें. त्या अकरा रुपयांना पुन्हां रंग आणण्याच्या भरीस त्यानें पडूं नये. तीन-चार पिढ्यांच्या सुनांच्या बोटांखालीं ते गुळगुळीत झाले आहेत. नाणकशास्त्राच्या दृष्टीनें ते निकामी असतील. पण त्या घरांत कोणी केव्हां आलें, कोणी किती दिवाळ्या केल्या, याचा दुसरा कोणता पुरावा त्याच्यापाशीं आहे? टिपणवहींत पहिलें पान त्यानें या अकरांना द्यावें.

आमच्या बाजूच्या लोकांनाहि थोडें ऐकविलें पाहिजे. रंगाला किंमत आली तेव्हां रंगारीहि आले. मुंबईस एका प्रदर्शनांत एका विक्रेत्यानें आमच्यापुढें बारा रुपये मांडले. बाराहि एकाच निळ्या-जांभळ्या छटेचे, बारांचींहि सालें निराळीं. बारा घरांत, बारा डब्यांत, निरनिराळ्या हवेंत राहिलेले रुपये असे एका घाण्यांतून काढल्यासारखे दिसत नाहींत. गंधकाची धुरी देऊन किंवा गंधकाच्या द्रवांत बुडवून हा रंग एका दुपारींत आणतां येतो. असला रंग ओळखण्यास क्रमाचें ज्ञान उपयोगी पडतें. पिवळ्याच्या शेजारीं एकदम निळा, मधला जांभळा मुळींच नाहीं, असें दिसलें कीं संशय घ्यावा. अक्षरांच्या आडोशाला रंग थबकला आहे कीं सपाटून सगळीकडे सारखा गेला आहे, हेंहि पाहावें. नाणें कलतें करून फिरवावें. रंगाखालून आऱ्या फिरतांना दिसल्या तर तें नाणें प्रामाणिक असण्याचा संभव आहे. रंगाखालून एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले तर तें पूर्वीं घांसलेलें, व आतां रंगाची शाल पांघरून बसलेलें आहे. अमेरिकेंत १९८६ पासून नाणीं तपासून सीलबंद डब्यांत घालून देणाऱ्या कंपन्या निघाल्या आहेत. घांसलेल्या व बनावट रंगाच्या नाण्यास त्या प्रतीचा आंकडा देत नाहींत, तरी रंगाच्या खरेपणाविषयीं तेथल्या जाणत्यांतहि मतभेद होतात. नवशिक्यानें रंगासाठीं एक पैहि जास्त देऊं नये. घरांत आयता आलेला रंग हाच खात्रीचा.

धुणें सर्वथा वर्ज्य असेंहि समजूं नये. मऊ प्लास्टिकच्या हलक्या पाकिटांत ठेविलेल्या नाण्यांवर कांहीं वर्षांनीं हिरवट चिकटा येतो. तो त्या प्लास्टिकमधून सुटतो, व पुढें नाण्यास खातो. तो शुद्ध ॲसिटोनमध्यें नाणें बुडवून काढावा, पुसूं मात्र नये. ॲसिटोन चट्कन पेट घेतो, तेव्हां हें काम देवघरांत निरांजनाजवळ न करतां उघड्या हवेंत करावें. जमिनींतून निघालेल्या नाण्यांचा प्रकार आणखी निराळा. त्यांवर क्षारांचीं पुटें चढलेलीं असतात, व तीं काढणें हें तज्ज्ञाचें काम आहे. १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिकांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. कित्येकांवर वरच्या ठशाखालून नहपानाचें मुख अजून डोकावतें. सातवाहनांनीं क्षत्रपांस जिंकलें याचा असा पुरावा त्या पातळ पृष्ठभागावर राहिला. चिंच आणि राख यांच्या हातीं तो सांठा लागता, तर जेता व जित दोघेहि एकदमच गेले असते. शेतांत वा पडक्या वाड्यांत असें धन सांपडल्यास, दहा रुपयांहून अधिक किंमतीचें असलें कीं, १८७८ च्या कायद्याप्रमाणें कलेक्टरास कळविलें पाहिजे. शंभर वर्षांवरील नाणीं परदेशीं नेण्यासहि १९७२ च्या कायद्यानें बंदी आहे. परदेशस्थ मुलांना आठवण म्हणून राणीछाप रुपये देणाऱ्या आजोबांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां त्या तीस रुपयांची व्यवस्था. नाणें नेहमीं कडेवर दोन बोटांनीं धरावें. बोटाचा घामट ठसा कांहीं दिवसांनीं रंगांत उमटतो, व मग तो जात नाहीं. पाहतांना खालीं मऊ कापड असावें. पॉलिएस्टरचीं पारदर्शक पाकिटें मिळतात, त्यांत एकेक नाणें निराळें ठेवावें. रबराचे पट्टे, लोकरीचे तुकडे, वर्तमानपत्राचा कागद यांचा त्यास स्पर्श होऊं देऊं नये. डब्यांत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी ठेवावी, आणि हिंग दुसऱ्या फडताळांत न्यावा. प्रत्येक नाण्याचें साल, वजन, कोणी आणलें, कोणत्या प्रसंगानें आलें, हें वहींत लिहावें. मुंजींतल्या भिक्षावळींतलें, ओवाळणींतलें, ओटींतलें, जसें असेल तसें, आणि हें काकूंना विचारून लिहावें, कारण तें त्यांनाच ठाऊक आहे. कागदाची चिठ्ठी नाण्याला लावून ठेवूं नये. पावसाळ्यांत डबा उघडूं नये. आश्विनांत हवा कोरडी पडली म्हणजे एकदां सर्व नाणीं उजेडांत पाहावीं, आणि एखाद्याचा रंग वर्षभरांत फार पुढें सरकला असेल तर त्याचें पाकीट व जागा बदलावी.